केरबाचं नाव पेपरात आलं

आमच्याकडं मिठागरावर एक रीत होती. उघाडी ज्यानं उघडली त्यानंच लावायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो मुकादम का असेना.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. लाकडाच्या फळ्या, एकावर एक, खाचेत बसवलेल्या. उधाणाचं पाणी खाडीतनं वर आलं की फळ्या उचलायच्या, पाणी साठवायची मोठी कोंडी भरून घ्यायची, आणि भरली की फळ्या परत टाकायच्या. दिसायला काम एवढंच. पण पाणी कमी आलं तर वाफे कोरडे, आणि जास्त आलं तर पिकलेलं मीठ परत समुद्रात. म्हणून उघडणारा आपला पंचा शेजारच्या खांबाला बांधायचा. पंचा दिसला की समजायचं, माणूस इथंच कुठंतरी आहे, बिडी ओढत असेल. आपण आपल्या वाटेनं जायचं.

आमची उघाडी दत्तारामकडं होती. त्याच्या बापाकडं होती, मग त्याच्याकडं आली. दत्ताराम म्हणजे काळा, उंच, बोलायला कमी. टाचा अशा फुटलेल्या की भेगेत मिठाचा खडा जाऊन बसायचा. मिठागरावर पायाला जखम झाली की पावसाळ्यापर्यंत भरत नाही, मीठ भरू देत नाही. संध्याकाळी सुगंधा, त्याची बायको, तेलात मेण वितळवून त्याच्या टाचांत भरायची. हा ओट्यावर पाय पसरून बसायचा आणि ओरडायचा, "हलू गं बाय, आग हाय नुसती." ती म्हणायची, "मंग राजा हो आनि गादीवर बस." मूलबाळ नव्हतं. घरात तिसरा माणूस लवू, दत्तारामचा धाकटा भाऊ. त्याला दत्तारामनंच मीठ ओढून शिकवला. मॅट्रिक झाला आणि भाईंदरला बबनरावांच्या साप्ताहिकात बातम्या द्यायला लागला. खिशाला दोन पेनं लावायचा. एक लिहायचं, एक शोभेचं.

त्या साप्ताहिकाला चार पानं. पहिल्या पानावर नावाखाली छापलेलं, 'निर्भीड आणि निःपक्ष'. शेवटचं पान अख्खं बिल्डरच्या जाहिरातीचं. मधल्या दोन पानांत लग्नं, मयती, आणि लवूच्या बातम्या. आमच्या गावातनं पेपरात जाणारा तो पहिला माणूस. त्याची बातमी आली की आम्ही पेपर दोन घेत होतो, एक वाचायला, एक ठेवायला.

हे सगळं मुंबईतल्या दंगलीच्या पुढच्या वर्षाचं. तेव्हा मीरा रोडला इमारती उगवायला लागल्या होत्या. आमच्या बांधाच्या पलीकडं एका शेठनं जागा घेतली, पत्र्याचं कुंपण घातलं आणि मातीचे ट्रक ओतायला लागला. त्या मातीनं खाडीचा एक फाटा बुजला. हंगामभर पाणी नीट आलंच नाही. वाफे पायानं तुडवून तुडवून आमच्या पोटऱ्या लोखंडाच्या झाल्या, पण मीठ धरेना. वैशाखात कुठं जरा धरलं. पांढरं, जाड, चांगलं मीठ. पावसाच्या आधीचं शेवटचं. वर्षाची मजुरी सगळी त्या वाफ्यांत बसली होती, कारण मीठ उचललं तरच मुकादम हात ढिला करायचा.

शेठच्या कुंपणाच्या कोपऱ्यात एक वॉचमन राहायचा. केरबा. परभणीकडचा. बुटका माणूस, मोठ्या मिशा, शेठनं दिलेली खाकी टोपी उन्हातसुद्धा काढायचा नाही. बायको जाईबाई. पत्र्याची खोली, बाहेर तुळशीच्या डब्यासारखा एक डबा, त्यात मिरचीचं झाड. गावात गोड्या पाण्याची मारामार, आणि त्यांच्याकडं शेठचा टँकर यायचा. मग जाईबाई एक हंडा भरून बांधापर्यंत आणायची, खाली ठेवायची, बाजूला व्हायची. सुगंधा उचलायची आणि त्या जागी सुक्या बोंबलांची पुडी ठेवायची. दोघी बांधावर उभ्या राहून चिक्कार गप्पा मारायच्या. आमच्या माणसांनी चिडवलं की सुगंधा म्हणायची, "तुमच्यापेक्षा ती बरी. ऐकते तरी."

*

पुनवेचं उधाण होतं. सकाळी सगळ्यांनी मीठ ओढलं, वाफ्याच्या कडेला लावलं. ऊन डोक्यावर यायच्या आधी दत्तारामनं फळ्या उचलल्या, पंचा बांधला. तेवढ्यात त्याचा मामेभाऊ सायकलवरनं आला. शेजारच्या गावात लग्न होतं.

"चल. मांडवात पंगत बसली. तुज्याबिगर म्हातारा जेवत न्हाय."

"पानी घेतोय."

"आरं, जाशील नि येशील. पानी काय पलून जातं?"

दत्ताराम सायकलीच्या मागं बसला. जाऊन येतो, असं त्याच्या मनात होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण तिथं मामा, ताडी, मटण, वर वैशाखातली सावली. जेवण झाल्यावर तो मांडवात जरा आडवा झाला.

इकडं आम्ही जेवायला घरी निघालो. उघाडी वाटेवरच. फळ्या वर दिसल्या, पाणी आत पळत होतं, खांबाला दत्तारामचा पंचा. सगळे बघून गेलो. मुकादमही बघून गेला.

मीठ विरघळताना आवाज होत नाही. आरडाओरडा झाला तो शेवंतीआजी चुकलेलं कोंबडं शोधत बांधावर गेली म्हणून. आम्ही पळत गेलो तर वाफे दिसतच नव्हते. एकच पाणी. वरनं शांत, आणि खाली आमचं मीठ जात होतं. बाया कमरेएवढ्या पाण्यात टोपल्या घेऊन उतरल्या. टोपली वर काढायच्या, तर टोपलीतनं गढूळ पाणी गळून जायचं आणि तळाला मूठभर चिखल राहायचा. तरी त्या काढत होत्या.

लवू त्या दिवशी घरी होता. सगळे वाफ्यांकडं धावले, हा एकटा उघाडीकडं धावला. फळ्या बांधावर पडलेल्या, उन्हानं तापलेल्या. सकाळपासनं कुणी त्यांना हात लावलेला नव्हता. पंचा खांबाला, दादाच्याच गाठीत. लवूनं फळ्या खाचेत टाकल्या. मग इकडं तिकडं बघितलं, पंचा सोडला आणि खांद्याच्या शबनममध्ये कोंबला.

दत्ताराम आला तो लग्नातल्या इस्त्रीच्या सदऱ्यात. पाणी बघून बांधावरच बसला. मुकादमानं त्याला उठवला.

"फल्या टाकल्या न्हाईस?"

दत्तारामनं खांबाकडं बघितलं. पंचा नव्हता. फळ्या खाचेत होत्या. त्याला काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक. कदाचित त्या घटकेला त्याला खरंच वाटलं असेल की आपण टाकल्या होत्या.

"टाकल्या व्हत्या," तो बोलला. "टाकूनच गेलो."

"मी आलो तवा वर व्हत्या," लवू बोलला. "आता मी टाकल्या."

"मंग काढल्या कोनी?"

जेवायला जाताना आम्ही पंचा बघितला होता, त्यानंतर त्यानं फळ्या टाकल्या असतील, असं आम्ही धरलं. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, पत्र्याच्या कुंपणाकडं. तिथं केरबा उभा होता, टोपी घालून.

*

लवूनं बातमी त्याच संध्याकाळी लिहिली. बिल्डरला मिठागर बुडवून जमीन घ्यायची आहे, त्यानं माणसं घालून उघाडी उघडली. लिहिताना त्याचा हात थांबला नाही. शेठनं फाटा बुजवला हे खरंच होतं. शेठचा डोळा जमिनीवर आहे हेही खरं होतं. मग एवढं एक त्यात घातलं तर काय बिघडलं, असा त्याचा हिशोब. आपली माणसं उपाशी, समोर पैशेवाला. कुणाच्या बाजूनं लिहायचं हे काय विचारायचं असतं?

बबनरावांनी कागद वाचला, चहाचा कप बाजूला ठेवला.

"शेठचं नाव घातलंस?"

"त्यानंच केलंय."

"तू बघितलंस?"

लवूनं टेबलावरचा जुना अंक सरळ करून ठेवला.

"बरं, ते जाऊ दे. शेवटचं पान कुणाचं असतं? तुझ्या मिठागराचं? अरे बाबा, त्या पानावर हे पहिलं पान उभं आहे."

"मग नका छापू."

"छापतो ना. बातमी चांगली आहे, गावात अंक खपेल. फक्त शेठ काढ. तिथं माणूस कोण होता?"

"वॉचमन असतो एक."

"नाव?"

लवू खिशातल्या पेनाशी चाळा करत बसला.

"नाव दे रे. बिननावाची बातमी म्हणजे पारावरच्या गप्पा."

"केरबा."

"पितो का?"

"नाही. माळकरी नाही, पण पीत नाही."

"'नशेत असल्याचे समजते' असं टाकतो. समजते म्हटलं की आपल्यावर येत नाही."

लवू बोलला, "त्याला शेठनं सांगितलं असणार. तो आपल्या मनानं कशाला..."

"ते लोक समजून घेतात."

लोकांनी काय समजून घेतलं ते पुढं सांगतो. छापायच्या आधी कागद लवूच्या हातात परत आला होता, तपासायला. केरबाचं नाव मथळ्यात होतं. लवूनं दोन चुका सुधारल्या आणि कागद परत दिला.

शुक्रवारी पेपर आला. दत्तारामच्या ओट्यावर ही गर्दी. लवूनं मोठ्यानं वाचला. 'मद्यधुंद वॉचमनचे कृत्य, मिठागर पाण्यात.' शेठचं नाव नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवंतीआजी बोलली, "आमच्या लवूनं सालटी काढली बग." लवूनं पेपराची घडी घातली. दत्ताराम भिंतीला टेकून पायाच्या भेगा बघत होता. सुगंधा आत चुलीजवळ होती. भाकरी करपल्याचा वास आला तरी तिनं तव्यावरनं काढली नाही. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

पोरं उठली आणि केरबाकडं गेली. त्याला धरून उघाडीवर आणला. बंटी म्हणून एक होता, अंगानं थोराड. त्यानं टोपी काढून पाण्यात फेकली. टोपीखाली केरबाला टक्कल निघालं, त्यावर सगळे हसले.

"कोनी सांगितलं तुला फल्या काढायला?"

"मी हातच लावला नाही," केरबा बोलला.

एक कानाखाली.

"कोनी सांगितलं?"

"हातच नाही लावला हो. तुमच्यातल्या कुणालाबी इचारा."

आणखी एक. प्रत्येक वेळी तेच विचारायचे, तो तेच सांगायचा. शेवटी चिखल-मीठ ओंजळीनं त्याच्या डोक्यावर ओतलं. ओठ फुटला होता, त्यात ते मीठ गेलं आणि त्यानं डोळे गच्च मिटले. लवू तिथं होता, गळ्यात पेपराचा कॅमेरा. त्यानं फोटो काढला नाही आणि कुणाला थांबवलंही नाही. केरबा एकदा त्याच्याकडं बघून बोलला, "साहेब, तुम्ही तरी."

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः आला, पांढऱ्या गाडीतनं. देवळासमोर हात जोडून उभा राहिला.

"देखो भाई, आदमी मेरा था. मैंने निकाल दिया. तुम्हारा बांध हम बना देंगे, पक्का."

पंच खूश. मुरमाचे ट्रक आले. बांध झाला, रुंद, दणकट. इतका रुंद की पुढच्याच आठवड्यात शेठचे ट्रक त्याच्यावरनं पलीकडं जायला लागले. त्याबद्दल कुणी बोललं नाही, कारण मुरूम फुकट होता. मुकादमानंही मजुरीतली थोडी उचल दिली. लवूला देवळात शाल आणि नारळ दिला.

केरबाची खोली शेठच्या माणसांनी सकाळीच पाडली. जाईबाई रस्त्याला पत्र्याच्या पेटीवर बसली होती, मांडीवर ते मिरचीचं झाड. तिच्यासमोरनं गाव स्टेशनला गेलं आणि आलं. सुगंधा त्या दिवशी घराबाहेर पडली नाही.

*

फुटलेले वाफे परत बांधायचे होते, पावसाच्या आधी. सगळ्यांनी कंबर कसली. दत्ताराम सगळ्यांत जास्त राबला. दुसऱ्याचा वाफासुद्धा तुडवायचा. उन्हात लोक सावलीला बसले तरी हा चिखलात. टाचांतनं रक्त यायचं, त्यात खारं पाणी. सुगंधा तेल-मेण घेऊन बसली की पाय मागं घ्यायचा. "राहू दे." ओरडायचा नाही आता. आम्हाला वाटलं, मिठाचं दुःख.

गोडं पाणी बंद झालं होतं. सुगंधा लांब पूनम सागरच्या इमारतींच्या बाजूला एका नळावर जायला लागली. तिथल्या बाया म्हणायच्या, "लाइन से आओ, गाववाली." हंडा डोक्यावर घेऊन उन्हातनं यायची.

एक दिवस तिनं धुवायला म्हणून लवूची शबनम उलटी केली. पंचा पडला. वाळून कडक झालेला, अजून गाठीची मुरड होती. लवू ओट्यावर लिहीत होता. तिनं तो त्याच्या कागदावर ठेवला.

"हा कवाचा?"

लवूनं दाराकडं बघितलं. दत्ताराम आगरावर होता.

"तुला सगलं ठावं व्हतं," सुगंधा बोलली.

"वयनी, दादाला गावानं सोडलं असतं का? चाळीस घरांचं मीठ गेलं."

"मी तुला कुठं काय बोलते. मी कोन बोलनार." ती खाली बसली, हंड्याला टेकून. "तो आला व्हता. केरबा. दारात. मी भाकऱ्या करत व्हते. बोलला, ताई, पानी लई चढायलंय, भाऊ कुठं दिसत नाहीत, मी फल्या टाकू का."

"मग?"

"मी बोलले, ते असतील तिथंच. तू हात लावू नको."

लवूनं पेनाचं टोपण लावलं.

"परत बोलला, ताई, टाकतो की, त्यात काय. मी वरडले त्याच्यावर. आमच्या उघाडीला तुजा हात नको, बोलले. तसाच गेला बिचारा. कुंपनाजवल जाऊन हुबा राहिला, पानी बघत." तिनं पदरानं नाक पुसलं. "मार खाल्ला, पन माजं नाव न्हाय घेतलं त्यानं. का न्हाय घेतलं? घ्यायला पायजे व्हतं."

तो दिवस लवूनं कसा काढला माहीत नाही. संध्याकाळी दत्ताराम पाय धूत होता, तिथं लवू जाऊन उभा राहिला.

"दादा, मी खरं लिहितो."

दत्ताराम पायावर पाणी ओतत राहिला. तांब्या रिकामा झाल्यावर बोलला, "मला इचारतोस का सांगतोस?"

"विचारतो."

"खोटं लिवलंस तवा इचारलंस?" मग तांब्या खाली ठेवला. "मी तुला लिही म्हननार न्हाय. लिहू नको, असं पन म्हननार न्हाय. माज्या तोंडातनं एकदा आलं ते आलं. परत उलटं काढायला तोंड होत न्हाय माजं. तुज्या हातानं होत असंल तर बग."

*

बबनरावांनी दुसरा कागदही वाचला. या वेळी चहा पीत पीतच.

"वेडाबिडा झालास का? गाव खूश, शेठ खूश, बांध झाला. आता तू सांगणार की ते खोटं होतं? पेपरची किंमत काय राहील?"

"त्या माणसाला कुठं काम मिळत नाही."

"त्याला मिळेल कुठंतरी. ह्यांना मिळतंच."

"वर निःपक्ष लिहिलंय आपण."

बबनराव हसले. वाईट माणूस नव्हता तो, लवूच्या बापाच्या मयतीला आला होता. "लवू, तू आलास तेव्हा तुझ्या गावाच्या बाजूचा होतास. मी विचारलं का खरं किती, खोटं किती? मी शेठच्या बाजूचा, तू गावच्या. दोघांनी मिळून बातमी केली. आता तुला एकट्याला धुतल्या तांदळासारखं व्हायचंय? फार तर पान तीनवर एक ओळ टाकतो. 'प्रकरणाबाबत गैरसमज असल्याचे समजते.'"

"कुणाचा गैरसमज?"

"ते नको."

लवूनं कॅमेरा टेबलावर ठेवला. कॅमेरा पेपरचाच होता.

मारुतीच्या देवळाला मंडळाचा फळा होता. त्यावर सत्यनारायण, क्रिकेटच्या मॅची, कुणाची शेळी हरवली असलं काहीबाही असायचं. सकाळी सगळे कामाला निघायच्या वेळी लवूनं तो पुसला आणि खडूनं लिहिलं. अक्षर मोठं, ठळक. उघाडी दत्ताराम लावायला विसरला. केरबानं घरी येऊन सांगितलं होतं. त्यानं फळ्यांना हात लावला नाही. तो दारू पीत नाही. पेपरात खोटं आलं, ते मी दिलं. खाली स्वतःचं नाव.

दुपारपर्यंत बंटीनं ते पुसलं. लवूनं परत लिहिलं. परत पुसलं. पंचांनी बोलावून घेतलं.

"आपल्याच घरावर कोन लिवतं रं?" मुकादमानं विचारलं. "सख्खा भाव हाय तुजा."

"म्हणूनच पहिल्यांदा खोटं लिहिलं," लवू बोलला.

"शेठनं मुरूम माघारी मागितला तर?"

"मुरूम मागत नाही तो. रस्ता मिळालाय त्याला."

दत्ताराम मागं उभा होता. पुढं आला नाही, पण गेलाही नाही. कुणीतरी विचारलं, "खरं हाय का रं, दत्ता?" त्यानं मान हलवली, एवढंच. बापापासनची उघाडी त्याच्याकडनं काढून घेतली.  घरी जाताना वाटेत कुणी त्याच्याशी बोललं नाही, आणि सुगंधाशी नळावर पूनम सागरवाल्या बोलल्या तेवढंच.

लवू केरबाला शोधायला निघाला. वॉचमनची नोकरी त्याला कुठं मिळाली नव्हती. सगळे सुपरवायझर एकमेकांना ओळखतात, आणि पेपराचं कात्रण एकाच्या खिशातनं दुसऱ्याच्या खिशात गेलं होतं. सापडला तो बेव्हर्ली पार्ककडं एका इमारतीखाली, माल कालवत. डोक्याला फडकं बांधलेलं. लवू समोर उभा राहिला तरी फावडं थांबलं नाही.

"मी चूक केली," लवू बोलला.

"बरं."

"गावात फळ्यावर खरं लिहिलंय मी. तुमचं नाव साफ करून."

फावडं थांबलं. "फळ्यावर?"

"पेपर छापत नाही."

केरबानं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. "पेपर आमच्या परभणीपर्यंत गेला, साहेब. मेव्हण्यानं कात्रण पाठवलं माझ्या म्हाताऱ्याला, का बघ तुझा लेक काय करायलाय म्हणून. आन् फळा जातो का कुठं?"

केरबानं फावडं मालात रोवून ठेवलं.

"येतो म्या," केरबा बोलला. "रविवारी. वाचतो काय लिहिलंय ते."

*

रविवारी सकाळी देवळासमोर रिक्षा थांबली. केरबा उतरला, धुतलेला सदरा, डोक्याला काहीच नाही. आत जाईबाई बसून राहिली. रिक्षावाला उत्तरेकडचा, त्यानं इंजिन बंद केलं.

फळा कोरा होता. सकाळीच पुसलेला, ओल्या फडक्याचे पट्टे वाळत होते. सुटीचा दिवस, सगळे पारावर होते. आम्हीही होतो. केरबानं फळ्याकडं बघितलं, मग लवूकडं.

"हिथं तर काही नाही."

"होतं. रोज लिहितो, रोज पुसतात."

"मंग काय लिहिलं होतं ते सांगा."

लवूनं सांगायला सुरुवात केली. केरबानं हात वर केला.

"मोठ्यानं. पेपर वाचून दाखवताना मोठा आवाज होता म्हणे तुमचा."

लवू पाराकडं तोंड करून उभा राहिला. परत पहिल्यापासनं सुरू केलं. दत्तारामचं नाव आलं तिथं अडखळला, पण बोलला. पंचा आपण लपवला, तेही बोलला. ते फळ्यावर नव्हतं.  बंटी चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

केरबानं सगळं ऐकून घेतलं. मग बोलला, "मला झालं. आता हिला सांगा. ती खाली उतरत नाही म्हणते, ह्या गावात."

लवू रिक्षाकडं निघाला, पण मागनं सुगंधा आली. पिठाचे हात तसेच, धुतले नव्हते. तिनं लवूला बाजूला सारलं आणि रिक्षापाशी जाऊन उभी राहिली. जाईबाई समोर बघत होती.

"जाई."

"आमचा माणूस त्या दिवशी तुमच्या दारात आल्ता का नाही?"

"आला व्हता."

"काय इचारलं त्यानं?"

"फल्या टाकू का, बोलला."

"आन् तुमी काय म्हणालाव?"

सुगंधा पिठाचे हात एकमेकांवर चोळत राहिली. लवूचं सगळं बोलणं एकीकडं आणि हे एकीकडं. फळ्यावर एवढं लिहिलं त्यानं, पण हे वाक्य लिहिलं नव्हतं. वहिनीचं म्हणून सोडून दिलं होतं. दारात तिनं काय उत्तर दिलं, ते तोवर आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

रिक्षावाला मागं वळला. "चलना है क्या, ताई? धंदे का टाइम है."

"रुको," जाईबाई बोलली.

तो थांबला. आम्हीही थांबलो. सुगंधानं रिक्षाचा दांडा धरला, पीठ लागलं त्याला.

"बोलले, आमच्या उघाडीला तुजा हात नको."

हे ती गावाला ऐकू जाईल असं बोलली. मुद्दाम. जाईबाईनं तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडं तोंड फिरवलं, आणि किती तरी वेळ बघितलं. राग होता का काय होतं, ते आम्हाला लांबनं कळलं नाही.

"हंडा बी म्या खालीच ठेवत होते, तुमी हातातनं कधी घेतलाच नाही," ती बोलली. "मला वाटायचं, जड असतो म्हणून."

सुगंधानं दांडा सोडला.

"बसा हो," जाईबाईनं केरबाला हाक मारली, आणि रिक्षावाल्याला बोलली, "चलो."

रिक्षा शेठच्या मुरमाच्या बांधावरनं गेली, धुरळा उडवत. सुगंधा तिथंच, हात बाजूला धरून. लवू फळ्यासमोर. दत्ताराम देवळाच्या मागच्या पायरीवर बसला होता, तो उठला आणि बायकोजवळ येऊन उभा राहिला. आम्ही पारावर. ऊन चढलं, जेवायची वेळ झाली, तरी पहिलं उठून घरी जायला कुणी तयार होईना.